उद्याचे पुणे बांधणारी मुले

पुण्यात जन्म काढूनही ज्याने पहाटे चार वाजताचे मार्केट यार्ड पाहिले नाही, त्याने निम्मे पुणे पाहिलेच नाही, असे मी खुशाल म्हणतो. आपण साखरझोपेत असतो तेव्हा गुलटेकडीच्या या आवारात गावागावांचे ट्रक आणि टेंपो लागत असतात. कोथिंबिरीच्या जुड्यांचा ओला वास, कांद्याच्या गोण्यांची धूळ, तोलणारांचा पुकारा, अडत्यांच्या गाळ्यांपुढची झुंबड आणि या साऱ्यातून वाट काढणारे, डोक्याला फडके गुंडाळलेले हमाल! सकाळी आठला आपल्या दारी येणारी मेथीची जुडी तोवर दोन-तीन हात फिरून आलेली असते. दसरा-दिवाळीला तर फुलबाजारात झेंडूचे असे ढीग लागतात की जमीन दिसू नये.

या जमिनीकडे सध्या पुण्यातले निराळेच लोक निरखून पाहत आहेत. त्यांना वरच्या झेंडूशी कर्तव्य नाही. जमिनीखाली मुरूम किती फुटांवर संपतो आणि काळा पाषाण कुठे लागतो, याची त्यांना उत्सुकता आहे. स्वारगेटहून कात्रजपर्यंत ५.४६ किलोमीटरचा भुयारी मेट्रोमार्ग करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्याचे भूमिपूजन झाले. खर्चाचा अंदाज २,९५४ कोटी रुपयांचा. मूळ आराखड्यात स्थानके तीन. मार्केट यार्ड, पद्मावती आणि कात्रज. म्हणजे हमाल वर पोते वाहणार आणि खालून गाडी धावणार!

हे काम कोण करणार? ‘सरकार’ हे उत्तर बरोबर असले तरी अपुरे आहे. आराखडे वयस्कर माणसे मंजूर करतात. परंतु उन्हात उभी राहून दोरी धरणारी, सळया मोजणारी, काँक्रीट परत पाठवणारी आणि रात्री बाराला पंपाजवळ जागणारी माणसे बहुधा विशी-पंचविशीतली असतात. आपल्या मध्यमवर्गीय घरांत डॉक्टरचे कौतुक होते, संगणकवाल्याचे होते, बँकवाल्याचेही होते. या मुलांविषयी मात्र आपण क्वचितच बोलतो. म्हणून यंदा दिवाळीच्या निमित्ताने त्यांच्याविषयीच चार गोष्टी सांगाव्यात असे मनात आले.

भाजीची वाट आणि पाण्याची वाट

या मेट्रोमार्गाची एक गंमत आहे. आधीच्या टप्प्यात शिवाजीनगरपासून गाडी जमिनीखाली शिरते. दिवाणी न्यायालयाचे स्थानक सुमारे ३३ मीटर खोल आहे. तेथून मुठा नदीच्या पात्राखालून कसब्यात, कसब्यातून मंडईत आणि मंडईतून स्वारगेटला. हा टप्पा २९ सप्टेंबर २०२४ रोजी लोकांसाठी खुला झाला. भुयार पोखरणाऱ्या तीन यंत्रांना नावेसुद्धा पुणेरी दिली होती; मुळा, मुठा आणि पवना. आता मंडईनंतर स्वारगेट आणि त्याच्यापुढे मार्केट यार्ड. आपल्या भाजीनेही हाच प्रवास केला आहे. घाऊक बाजार एके काळी पेठांत आणि मंडईत भरे. गर्दी सोसेनाशी झाली तेव्हा तो हळूहळू गुलटेकडीच्या माळावर आला. ज्या वाटेने कांदा-बटाटा गावाबाहेर पडला, त्याच वाटेने आता गाडी निघाली आहे.

पाण्याने उलटा प्रवास केला होता. अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तळे बांधून तेथून शनिवारवाड्यापर्यंत दगडी भुयारी नळ आणला. त्या नळाला अधूनमधून उच्छ्वास ठेवलेले होते. त्यांतून हवा खेळे आणि साफसफाईला माणूस उतरे. शहरातले हौद त्या पाण्याने भरत. ना पंप, ना वीज. नुसता जमिनीचा उतार अचूक साधून पाणी आणलेले! आज कात्रजकडे भुयार न्यायला निघालेल्या मुलांनी ध्यानात ठेवावे की या बाजूने जमिनीखालून जाणारे ते पहिले नव्हेत.

आणि ही मंडई? तिची अष्टकोनी इमारत १८८६ साली उघडली. तेव्हाच्या गव्हर्नराच्या नावावरून तिला ‘रे मार्केट’ म्हणत. ठेकेदार होते वासुदेव बापूजी कानिटकर. मंडईवर एवढा पैसा घालण्याऐवजी तो शिक्षणावर घालावा, असे म्हणून नगरपालिकेत या खर्चाला विरोध करणारे होते जोतीराव फुले. पुढे त्याच मंडईला महात्मा फुले यांचे नाव मिळाले, हा काळाचा न्याय म्हणावा.

जोतीराव समाजसुधारक म्हणून आपल्याला ठाऊक आहेत. ते बांधकामाचे ठेकेदारही होते हे फार थोड्यांना ठाऊक असते. ‘पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी’ या त्यांच्या संस्थेने येरवड्याचा पूल, कात्रजचा बोगदा, खडकवासल्याच्या कालव्याची कामे अशा ठिकाणी काम केले. बांधकाम खात्यात मजुरांच्या हजेरीत आणि मापात काय काय चालते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते आणि त्यावर परखडपणे लिहिलेही होते. तेव्हा पुण्यात इमारत बांधणाऱ्याने मजुराचा विचार करावा, ही गोष्ट काही परदेशातून आलेली नाही.

पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले १८५४ साली. ते निघाले तेच मुळी पूल, रस्ते, कालवे यांच्या कामांसाठी हाताखालची माणसे तयार करायला. याच महाविद्यालयातून मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या नावाचा एक गरीब घरचा कन्नड मुलगा १८८३ साली पहिल्या क्रमांकाने बाहेर पडला. मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागला तेव्हा तो तेवीस-चोवीस वर्षांचा होता. आणि नोकरीच्या सुरुवातीलाच खानदेशात पांझरेच्या मुलखात नळ टाकून पाणी पलीकडे नेण्याचे अवघड काम त्याच्या गळ्यात पडले. त्याने ते पार पाडले. खडकवासल्याच्या धरणाला आपोआप उघडणारी दारे त्याने १९०३ साली बसवली, तोवर त्याची चाळिशी उलटली होती. पण त्या दारांमागचा आत्मविश्वास त्या पहिल्या नळावरच मिळवलेला होता. तरुण माणसाच्या हाती मोठे काम देण्याचे धाडस कोणीतरी करावे लागते.

दाजींचा चष्मा

आता घरची गोष्ट सांगतो. माझे दाजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, मार्केट यार्डात भुसार विभागातल्या एका पेढीवर तीस वर्षांहून अधिक काळ हिशेब लिहीत होते. गहू हातात घेऊन जात सांगतील, गूळ नखाने खरवडून गाव सांगतील. त्यांची मुलगी बारावीला उत्तम गुणांनी पास झाली आणि ‘मी सिव्हिलला जाते’ म्हणाली, तेव्हा दाजींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. दाजींनी चष्मा काढला की घरातला आवाज कमी होतो.

“सिव्हिल म्हणजे विटा-वाळूच ना?” दाजी म्हणाले. “त्यासाठी एवढे मार्क कशाला लागतात? संगणकाला जा. पंख्याखाली बसशील. पगार चांगला, स्थळे चांगली.”

“बाबा, तुम्ही तरी कुठे पंख्याखाली बसलात?” भाची म्हणाली.

“म्हणून तर सांगतो!”

दाजींचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. चार वर्षांनी भाचीला पहिली नोकरी लागली तेव्हा तिच्या मैत्रिणीचा, संगणकाच्या वाटेने गेलेलीचा, पगार तिच्या दुपटीहून अधिक होता. शिवाय हिची कामाची वेळ सकाळी आठपासून, आणि स्लॅबच्या दिवशी तिला शेवट नाही. साइटवर मुलींसाठी धड स्वच्छतागृह मिळावे म्हणून तिला पहिल्या महिन्यात तीन अर्ज करावे लागले. ताई मला फोनवर म्हणाली, “अरे, पोरगी काळी पडली रे उन्हाने.” आपल्याकडे लग्नाच्या बाजारात या वाक्याचा अर्थ काय होतो हे मी सांगायला नको.

म्हणून एका रविवारी, तिच्या आग्रहावरून, मी तिची साइट पाहायला गेलो. बिबवेवाडीच्या अंगाला बारा मजल्यांची एक इमारत चढत होती. त्या दिवशी सहाव्या मजल्याची स्लॅब होती.

एक ट्रक परत जातो

खाली उतरवून ठेवलेल्या लाकडी पेट्यांत दगडाच्या कांड्या ओळीने मांडल्या होत्या. भाचीचा सोबती, माती-तपासणीचे काम करणारा एक लातूरकडचा मुलगा, त्या मला दाखवू लागला. जमिनीत भोक पाडून हे नमुने काढतात. वर मातीचा हात-दोन हात थर, मग पिवळा मुरूम, मग तडे गेलेला दगड, आणि खाली काळाभोर, टणक बेसाल्ट. मधेच एक लालसर, मऊ कांडी होती. “ही बघा, काका,” तो म्हणाला, “दोन लाव्हारसांच्या मधला हा लाल थर. वरचा दगड पाहून कुणी म्हणेल, झाले, लागला खडक. पण हा थर पाणी लागले की विरघळतो. याच्यावर पाया टाकला तर आपण गेलो.” हा मुलगा तेवीस वर्षांचा. त्याच्या वहीतल्या एका नोंदीवर बारा मजले उभे राहणार होते.

वर सळयांची जाळी विणून तयार होती. गवंडी, सुतार, सळई बांधणारे मिळून पंचवीसेक माणसे. भाची हेल्मेट घालून, हातात वही घेऊन एकेक तुळई तपासत होती. ओळंबा आणि पाणसळ ही आपल्या आजोबांच्या काळची हत्यारे अजून तिथे होती. त्यांच्या शेजारी लेझरचे यंत्रही होते. “दोन्हींचे उत्तर एकच आले पाहिजे,” ती म्हणाली, “नाही आले तर मी आधी यंत्रावर शंका घेते.”

काँक्रीटचे ट्रक येऊ लागले. ते फिरते पिंप असलेले ट्रक आपण रस्त्यात नेहमी पाहतो. तिसरा ट्रक मार्केट यार्डाच्या कोंडीत अडकला होता. तो आला तेव्हा काँक्रीट मिसळून दोन तास उलटून गेले होते. माल घट्ट होत चालला होता. हे ट्रक साधारण दोन तासांच्या आत रिकामे करायचे असतात. ड्रायव्हर पाण्याचा पाइप पिंपात सोडायच्या बेतात होता. मुकादमही म्हणाला, “ताई, थोडे पाणी घातल्याशिवाय पसरणार नाही. सगळेच घालतात.”

पाणी घातले की माल सरकतो आणि मजुरांना सोपे जाते. पण काँक्रीटचा जोर त्याच प्रमाणात कमी होतो. डोळ्यांना काही दिसत नाही. स्लॅब तशीच करडी, तशीच गुळगुळीत.

भाची म्हणाली, “परत न्या.”

मग जी बोलाचाली झाली ती सगळी येथे देत नाही. ठेकेदाराचा फोन आला; पैसे कोण भरणार, हा प्रश्न निघाला; काम दीड तास थांबले. ड्रायव्हर माझ्याकडे पाहून म्हणाला, “साहेब, तुम्ही तरी सांगा पोरीला.” मी म्हणालो, “मी पाहुणा आहे.” ती पोरगी मात्र एकच वाक्य निरनिराळ्या माणसांना निरनिराळ्या आवाजांत सांगत राहिली. ट्रक परत गेला.

दुपारी डबा खाताना मी तिला विचारले, “एवढ्या मोठ्या स्लॅबमध्ये एक ट्रक. काय बिघडले असते?”

तिने भिंतीजवळ ठेवलेले लोखंडी साचे दाखवले. पंधरा-पंधरा सेंटिमीटरचे चौकोनी ठोकळे त्यांत ओततात, पाण्यात ठेवतात आणि सात दिवसांनी व अठ्ठावीस दिवसांनी यंत्राखाली फोडून जोर मोजतात. “मामा,” ती म्हणाली, “खरा निकाल अठ्ठावीस दिवसांनी येतो. तोवर आमचे वर आणखी दोन मजले चढलेले असतात. मग तो वाईट निकाल कोण वाचणार? वाचला तरी कोण बोलणार? जे बोलायचे ते आजच बोलावे लागते.”

संध्याकाळी ताईच्या घरी हा किस्सा मी सांगितला. दाजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आमच्याकडेही एकदा ओला माल आला होता. गव्हाची पूर्ण गाडी. मालक म्हणाले, वरची पोती सुकी दिसतात, घ्या. मी नाही लिहिली पावती.” एवढे बोलून त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. त्या दिवसापासून सिव्हिलबद्दल त्यांनी तक्रार केलेली मी ऐकली नाही.

ओढा विसरत नाही

आता जरा कटू बोलणे भाग आहे. मार्केट यार्डाच्या आसपास गेल्या काही वर्षांत जे घडले, ते दिवाळी अंकातही विसरता येणार नाही.

२९ जून २०१९ च्या पहाटे कोंढव्यात एका सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकामावरील मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली. मुलांसकट १५ जण मेले. चार दिवसांच्या आत आंबेगावात दुसरी भिंत कोसळून सहा जण गेले. पुढे २५ सप्टेंबरच्या रात्री कात्रजच्या डोंगरावर पाऊस कोसळला आणि आंबिल ओढा अरण्येश्वर, सहकारनगर, दांडेकर पुलाच्या वस्त्यांतून घुसला. पुणे परिसरात त्या एका पावसाने वीसहून अधिक बळी घेतले. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर ज्यांनी पाहिला होता, त्या म्हाताऱ्या माणसांना त्या रात्री पुन्हा तीच आठवण झाली.

तेव्हा धरण फुटले होते. या वेळी काही फुटले नव्हते. ओढा आपल्या जुन्या वाटेने आला, इतकेच. आपण त्या वाटेत भिंती, पार्किंग आणि रस्ते घालून ठेवले होते. पाण्याला नकाशा दाखवता येत नाही. नकाशालाच पाणी दाखवावे लागते. हे काम कोणाचे? पुन्हा त्याच पंचविशीतल्या मुलांचे, आणि त्यांच्या नकाशावर सही करणाऱ्या वडीलधाऱ्यांचे.

दार-ए-सलामहून निरोप

दाजींचा पुतण्या आफ्रिकेत, टांझानियातल्या दार-ए-सलाम शहरी, एका बांधकाम कंपनीत आहे. मराठी माणूस आफ्रिकेत बांधकामाला जाणे यात नवे काही नाही. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे टाकायला हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेले होते; त्यांतले अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले. तो करार गोऱ्या साहेबाशी होता. आताचा पुतण्या विमानाने जातो, आणि ज्यांच्या हाताखाली काम करतो त्यांतले निम्मे साहेब टांझानियाचेच आहेत, त्याच्याच वयाचे.

भाचीशी त्याचे फोनवर तासन् तास बोलणे चालते. दोघांचा विषय एकच, पाणी! दार-ए-सलाममध्ये म्सिम्बाझी नावाची नदी आहे. पावसाळ्यात ती आपल्या आंबिल ओढ्यासारखीच वागते. शहर इतक्या वेगाने वाढले की निम्म्याहून अधिक वस्तीचा धड नकाशाच नव्हता. तेव्हा २०१५ मध्ये तेथे ‘रमानी हुरिया’ नावाचा उपक्रम सुरू झाला. स्वाहिली भाषेत याचा अर्थ ‘मोकळा नकाशा’. विद्यापीठाची मुले-मुली वस्त्यांत शिरली, घरोघरी गेली, आकाशातून छोट्या यंत्रांनी छायाचित्रे काढली. गटार कुठे तुंबते, पाणी कोणत्या भिंतीपर्यंत चढले, हे त्यांनी तिथे राहणाऱ्या बाया-माणसांना विचारून नकाशावर उतरवले. तो नकाशा कोणालाही फुकट पाहता येतो.

“बाईने हात वर करून दाखवले, इथवर पाणी होते, की ती नोंद झाली!” पुतण्या सांगत होता. “वहिनी, काकू, आजी, सगळ्यांना पाण्याची उंची पाठ असते. इंजिनीयरालाच नसते.”

आफ्रिका खंडातली निम्मी माणसे विशीच्या आतली आहेत. तिथली शहरे जगात सर्वांत वेगाने वाढणाऱ्यांत आहेत. उद्याची घरे, रस्ते, गटारे बांधायला त्यांना आजचीच मुले लागणार. आदिस अबाबात २०१५ साली विजेची शहरी रेल्वे सुरू झाली, दार-ए-सलाममध्ये २०१६ मध्ये स्वतंत्र मार्गावरची जलद बससेवा आणि लागोसमध्ये २०२३ मध्ये मेट्रो. आपल्या पुण्याची मेट्रो ६ मार्च २०२२ ला धावली. म्हणजे आपण आणि ते एकाच वर्गात, पुढे-मागे बाकांवर बसलेलो आहोत.

त्यांच्यातला एक मुलगा तर साऱ्या जगाने ओळखला. बुर्किना फासो देशातल्या गांडो या खेड्यात १९६५ साली जन्मलेला फ्रान्सिस केरे सुतारकाम शिकून बर्लिनला गेला, वास्तुशास्त्राचा विद्यार्थी असतानाच गावासाठी शाळा बांधायला निघाला. सिमेंट महाग, म्हणून गावच्याच मातीत थोडे सिमेंट मिसळून दाबलेल्या विटा केल्या, वर हवा खेळती राहील असे पत्र्याचे उंच छप्पर घातले. काम गावकऱ्यांनी केले. शाळा २००१ मध्ये उभी राहिली आणि २०२२ मध्ये वास्तुकलेतला सर्वांत मानाचा प्रिट्झकर पुरस्कार त्याला मिळाला. त्याच्या चारच वर्षे आधी, २०१८ साली, तो पुरस्कार मिळालेले पहिले भारतीय होते बाळकृष्ण दोशी. ते जन्मले १९२७ साली, आपल्या पुण्यात, लाकडी फर्निचर करणाऱ्या कुटुंबात. इंदूरला त्यांनी ‘अरण्य’ ही वसाहत रचली. गरिबाला जोते, पाणी आणि संडास बांधून द्यायचा. पुढच्या खोल्या त्याने कमाईप्रमाणे चढवायच्या. सुतारकीच्या घरातला हा, सुतारकी शिकलेला तो; दोघांनीही राहणाऱ्या माणसाला विचारून घर बांधले.

पोते आणि घमेले

आता पुन्हा यार्डात येऊ. येथे एक गोष्ट शिकण्यासारखी आहे आणि ती भुयाराहून मोठी आहे.

दाजींच्या पेढीपुढे पोती उचलणारा एक हमाल त्यांचा जुना स्नेही. त्याच्यापाशी माथाडी मंडळाचे पुस्तक आहे. त्याच्या मजुरीचा हिशेब लिहिला जातो, भविष्यनिधी साठतो. हे कोणी दान म्हणून दिले नाही. १९५०च्या दशकात डॉ. बाबा आढाव यांनी पुण्यात हमाल पंचायत उभी केली, पुढे वर्षानुवर्षे लढा चालला आणि १९६९ साली राज्यात माथाडी कामगारांचा कायदा झाला. ‘कष्टाची भाकर’ हे स्वस्त आणि पोटभर जेवणाचे केंद्रही त्याच चळवळीतून निघाले. त्या हमालाची मुलगी आज परिचारिका आहे.

भाचीच्या साइटवर सळई बांधणारा एक नांदेडकडचा मुलगा आहे. वय बावीस, हात इतका चपळ की तारेचा पिळा दिसत नाही. त्याच्याजवळ कसले पुस्तक आहे? “आधार कार्ड आहे,” तो म्हणाला. बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली कायदा झाला, महाराष्ट्रात मंडळही झाले, इमारतीच्या खर्चाचा एक टक्का त्यासाठी गोळाही होतो. परंतु नोंदणीला नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि हा मुलगा दर दोन महिन्यांनी निराळ्या मुकादमाकडे असतो. हमाल एका यार्डात राहतो, म्हणून संघटित झाला. बांधकामाचे यार्ड दर वर्षी जागा बदलते. आज सहावा मजला बांधणारा उद्या त्या इमारतीत पाहुणा म्हणूनही शिरू शकत नाही.

भाचीने मग काय केले? मोर्चा काढला नाही. रविवारी दुपारी एक तास ती आणि तो माती-तपासणीचा मुलगा मजुरांचे दाखले भरायला बसतात. मुकादमाची सही तीच मिळवते. मी हे लिहीपर्यंत अकरा जणांची नोंदणी झाली होती. तो सळईवाला त्यांतला सातवा.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांनी आयुष्यभराची पुंजी घालून घर घेतले आहे, किंवा घ्यायच्या विचारात आहेत. घर पाहायला जाताना आपण फरशी पाहतो, गॅलरी पाहतो, नळाची तोटी फिरवून पाहतो. या वेळी आणखी दोन प्रश्न विचारा. क्यूबचे अठ्ठावीस दिवसांचे निकाल दाखवता का? आणि हे घर बांधणाऱ्या माणसांची नोंदणी झाली आहे का? विक्रेत्याला दोन्ही प्रश्न चमत्कारिक वाटतील. पण दहा गिऱ्हाइकांनी विचारले, की अकराव्याच्या आधी उत्तर तयार असेल. गव्हाचा दाणा चावून पाहिल्याशिवाय दाजी कधी सौदा लिहीत नसत. आणि घर तर गव्हाहून बरेच महाग असते.

आणि घरातली एखादी हुशार मुलगी जर बारावीनंतर ‘सिव्हिल’ म्हणाली, तर चष्मा काढून ठेवू नका. या शहराला पुढच्या वीस वर्षांत भुयारे लागतील, गटारे लागतील, ओढ्यांना त्यांची वाट परत द्यावी लागेल. ते सारे काम ‘परत न्या’ असे म्हणू शकणाऱ्या माणसांवाचून होणार नाही. यंदा खंडेनवमीला भाचीने ओळंबा, पाणसळ, लेझर आणि क्यूबचे साचे एका पाटावर मांडून त्यांची पूजा केली. झेंडूच्या माळा दाजींनी स्वतः पहाटे फुलबाजारातून निवडून आणल्या होत्या.